आठ बिऱ्हाडं, एक जिना

शाळेच्या सहलीबरोबर शनिवारवाड्यात गेला नाही असा पुणेकर सापडणं कठीण. आठवून बघा, तिथे आपण जेवढे जिने चढलो ते सगळे दगडी. तटावर जायचे, बुरुजावर जायचे. लाकडी जिन्यांनी ज्या मजल्यांवर जायचं ते मजलेच उरलेले नाहीत, २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतला वाडा गेला. दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना तेवढा लाकडी आणि तो वाचला. बाकी नुसते चौथरे आणि त्यावर सेल्फी काढणारी जनता.

वाड्याची माहिती मात्र भरपूर मिळते. पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२, खर्च १६,११० रुपये, सागवान जुन्नरच्या जंगलातलं, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा. एकदम क्लीन डॉक्युमेंटेशन. पण वास्तुशांत ते आग यात ९६ वर्षं गेली. एवढ्या वर्षांत त्या जिन्यांवरून रोज किती पावलं गेली असतील? पायऱ्या झिजल्या असतील, कठडे हलले असतील, कुणीतरी येऊन फळ्या बदलल्या असतील. तो कोण? त्याचे पैसे कुणी दिले? ही माहिती पाटीवर नसते. आमच्या धंद्यातही तेच आहे म्हणा. नवीन प्रोजेक्टच्या किक-ऑफला केक कापतात आणि मेंटेनन्सवर टाकलेल्या माणसाचं नाव मॅनेजरलाही आठवत नाही.

हे सगळं डोक्यात शिरायचं कारण म्हणजे माझ्या मावशीच्या वाड्यातला जिना. सदाशिव पेठेतला वाडा, आठ भाडेकरू, मालक मागच्या बाजूला तळमजल्यावर. मावशी वरच्या मजल्यावर, वय ७१. जिन्याच्या पाच पायऱ्या गेलेल्या, कठडा पकडला तर तोच आपल्याला पकडतो अशी अवस्था. तर गेल्या वर्षी 'चांगला माणूस बघ रे एखादा' हे काम माझ्याकडे आलं. (इंजिनीअर भाचा असला की गीझरपासून जिन्यापर्यंत सगळं त्याच्याच डिपार्टमेंटला येतं, ब्रँच कुठली का असेना.) माणूस शोधता शोधता मी इतिहासात शिरलो. वीकेंड त्यात गेले, त्याचं हे फळ.

आधी लाकडाचं बघू. पेशवाईतलं पुणं मुख्यतः सह्याद्रीच्या सागवानावर उभं राहिलं. मग इंग्रज आले. त्यांना सागवान हवं होतं ते जहाजांसाठी, आणि पुढे रेल्वेसाठी. १८४२ मध्ये त्यांनी डांगची जंगलं तिथल्या भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली, ती सागासाठीच. १८६३ साली दोन गोष्टी झाल्या. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली, जिचा मोठा धंदा ब्रह्मदेशच्या सागाचा. म्हणजे रंगूनहून बोटीने मुंबई आणि मुंबईहून गाडीने पुणे, असा सरळ रस्ता तयार झाला. जुन्या पुण्यातले लोक अजूनही 'बर्मा टीक आहे हो आमचं' असं अभिमानाने सांगतात त्याचं मूळ इथे असावं. आता तो रस्ता बंद आहे. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली. सध्या बाजारात येतं त्यातलं बरंचसं सागवान आफ्रिकेतल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचं असतं. लवकर वाढवलेलं आणि लवकर कापलेलं, त्यामुळे रेषा विरळ. पाडलेल्या वाड्यातली तुळई कापली तर आतल्या रेषा एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात. म्हणून जुन्या लाकडाला भाव आहे, आणि म्हणूनच पुण्यात वाडा पडला की लाकूडवाले सगळ्यात आधी पोचतात.

आता माणसाचं. गावाकडे प्रश्नच नव्हता. बारा बलुतेदारांत सुतार पहिल्या ओळीतला. त्र्यं. ना. आत्र्यांचं 'गावगाडा' (१९१५) वाचलं तर बलुत्याची सगळी व्यवस्था कळते. नांगर मोडला, चाक निखळलं तर सुतार येणार, आणि त्याचं धान्य सुगीला खळ्यावरून जाणार. कामागणिक बिल नाही. आपल्या भाषेत याला ॲन्युअल मेंटेनन्स काँट्रॅक्ट म्हणतात :-) ही व्यवस्था फार गोड होती असं मी म्हणणार नाही. जातीने बांधलेलं काम होतं ते, सुताराच्या पोराला कोर्स निवडायची सोय नव्हती. पण मोडलेली वस्तू मोडलेलीच पडून राहू नये याची काळजी त्या रचनेतच होती, हे मान्य करावं लागतं.

शहरात बलुतं नाही. तिथे धनी लागतो. शिवकाळातल्या अठरा कारखाने आणि बारा महालांच्या यादीत 'इमारत' नावाचा एक स्वतंत्र महाल सापडतो, म्हणजे बांधकामं आणि डागडुजी हे कायमचं खातं होतं, एकदाचं काम नव्हे. पेशव्यांच्या पुण्यात सरदार, सावकार, कारकून यांच्या वाड्यांचंही लहान प्रमाणात असंच असणार. जो धनी राहतो तोच वापरतो, तोच जिना चढतो आणि तोच सुताराला बोलावतो. वापरणारा आणि पैसे देणारा एकच माणूस. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत त्याचीच आहे.

धनी गेला तर काय होतं याचं बरं उदाहरण म्हणजे विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ चा. अकरा वर्षांत पेशवाई बुडाली. वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा आली. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा आणि विश्रामबाग दोन्हींना आग लागली. बुधवारवाडा कायमचा गेला, विश्रामबागचा पूर्वेकडचा भाग जळाला. पण लोकवर्गणी आणि नगरपालिकेचे पैसे यांतून तो दुरुस्त झाला, कारण त्याचा काहीतरी सार्वजनिक उपयोग चालू होता. पुढे १९३० ते १९५९ पुणे नगरपालिकेचं (१९५० पासून महापालिकेचं) कार्यालय तिथेच होतं. थोडक्यात, पेशव्याच्या जागी दुसरा धनी मिळाला आणि वाडा राहिला. उलट उदाहरण भिडेवाड्याचं. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तो वाडा. स्मारक करायचं की नाही यावर वाद नव्हता, वाद होता जागेचा आणि त्यातल्या भाडेकरूंचा. कोर्टात वर्षांमागून वर्षं गेली, तोवर वाडा खचत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाडला. स्मारक होईल, पण ज्या इमारतीत त्या मुली शिकल्या ती नाही.

पेठांमधल्या साध्या वाड्यांची गोष्ट यापेक्षा कमी नाट्यमय आहे. इंग्रजी अमदानीत शिक्षणासाठी, नोकरीसाठी लोक पुण्यात येत गेले आणि एका कुटुंबाचे वाडे खोल्याखोल्यांनी भाड्याने दिले गेले. एका घरासाठी बांधलेल्या जिन्यावर आठ-आठ, दहा-दहा बिऱ्हाडांची ये-जा सुरू झाली. पाण्याच्या बादल्या, रॉकेलचे डबे, कोळशाची पोती, सायकली (हो, सायकली वर नेत असत) सगळं त्यावरून. युद्धकाळात भाड्यांवर नियंत्रण आलं आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच प्रमाण धरलं. हेतू अगदी चांगला होता. युद्ध, टंचाई, मग फाळणी, लोकांना घरातून काढू नये म्हणून. फक्त हा तात्पुरता उपाय पन्नासेक वर्षं टिकला. तात्पुरता पॅच प्रॉडक्शनला टाकला की तो कायमचा होतो, हे कुणा प्रोग्रामरला सांगायला नको.

आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, ३१ मार्च २००० पासून लागू. मी तो चक्क वाचला. त्यात दुरुस्तीची जबाबदारी मालकाची असं स्वच्छ म्हटलंय. मालकाने केली नाही तर पंधरा दिवसांची नोटीस द्या, भाडेकरूंनी एकट्याने किंवा मिळून दुरुस्ती करा आणि खर्च भाड्यातून वळता करा. फक्त एका वर्षात वजावट त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. जिन्यातला दिवासुद्धा मालकाने तोडू नये अशा आवश्यक सेवांच्या यादीत आहे! वाचून मी खूश झालो. मग कॅल्क्युलेटर काढला. मावशीच्या वाड्यातल्या आठ बिऱ्हाडांचं मिळून महिन्याचं भाडं ४८० रुपये. वर्षाचे ५,७६०. त्याचा चौथा भाग १,४४०. जिन्याचा खर्च शेवटी ठरला २१,६०० रुपये. म्हणजे वजावट पुरी व्हायला बरोब्बर पंधरा वर्षं. मावशी तेव्हा ८६ ची असेल.

मालकाची बाजूही सांगितली पाहिजे. महिन्याला ४८० रुपये मिळवणाऱ्या माणसाने २१ हजारांचा जिना का करावा? आणि त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे जिना नीट झाला तर इमारत धोकादायक राहत नाही. महापालिकेचा पाडण्याचा हुकूम आला तर त्याच कायद्याखाली मालकाला जागा परत मागता येते. भाडेकरूंना ते ठाऊक असतं, म्हणून ते जिना टिकवायला बघतात. मालकालाही ठाऊक असतं, म्हणून तो नुसता बघतो. मुंबईत निदान १९६९ पासून उपकर घेऊन जुन्या चाळी दुरुस्त करणारं मंडळ तरी आहे, पुण्याला तेही नाही. एवढ्या सगळ्या राजकारणाचं वजन शेवटी एका दीड इंची फळीवर येतं, आणि त्या फळीवरून मावशी सकाळी दूध आणायला उतरते.

तर माणूस शोधणं. पहिला आला इंटिरिअरवाला. त्याने जिना बघितला, मोबाईलवर फोटो काढले आणि म्हणाला, प्लाय टाकून वरून लॅमिनेट मारून देतो, स्क्वेअर फुटाचा रेट. जिन्याला स्क्वेअर फूट कसा लावणार हे मी विचारलं नाही. दुसरा फॅब्रिकेटर. त्याचं म्हणणं, काढून टाका हो, लोखंडी करा, दोन दिवसांत उभा करतो. याचं म्हणणं खरं तर वेडेपणाचं नव्हतं. पण जिना काढायचा म्हणजे वरच्या तुळईतून काढायचा, आणि त्या तुळईला हात लावायला मीच घाबरलो. तिसरा पॉलिशवाला. त्याच्या मते सगळ्या समस्यांवर मेलामाईन पॉलिश हा उपाय होता. चौथे मिस्त्री मावशीच्या भजनीमंडळातून मिळाले. वय सत्तरीच्या पुढचं, कसब्यात राहणारे, हातात पिशवी आणि तिच्यात पटाशी, गुण्या, छोटा रंधा. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण 'आता कामं घेत नाही, कुणाला नंबर देऊ नका' असं त्यांनी बजावलंय.

मिस्त्री आधी जिना चढलेच नाहीत. खाली उकिडवे बसले आणि पायथ्याशी पटाशीने टोचत राहिले. मग म्हणाले, "साहेब, हितली दगडी पायरी कुठं गेली?"

आता ही गोष्ट मला माहीतच नव्हती. वाड्याच्या लाकडी जिन्याची पहिली एक-दोन पायऱ्या दगडाची करायची रीत होती. शोभा म्हणून नव्हे, लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर राहावं म्हणून. मावशीला आठवलं, साधारण १९७५ च्या सुमाराला चौकात चिखल होतो म्हणून कोबा घातला होता. मग त्यावर नव्वदच्या दशकात शहाबादी फरशी. दोन्ही वेळा जमीन वर आली, दगडी पायरी गाडली गेली आणि जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या तिरक्या फळ्या थेट सिमेंटवर टेकल्या. चौक धुतला की पाणी फळीत. सागवान झालं तरी तीस वर्षं ओलीत उभं राहणार किती? शिवाय कुणीतरी मधे दोन पायऱ्या स्वस्तातल्या लाकडाच्या बदलल्या होत्या, त्या वाळवीने आतून पोकळ केल्या होत्या. जुन्या सागाच्या पायऱ्या नुसत्या झिजल्या होत्या.

मी टेप घेऊन मोजमाप केलं. चढ २४ सेंटिमीटर, पायरीची रुंदी १९. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरांसाठी चढ जास्तीत जास्त १९ आणि रुंदी कमीत कमी २५ सांगितलीय. म्हणजे जवळजवळ उलटंच! सतराव्या शतकात ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाने नियम दिला होता की दोन चढ आणि एक रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी हवी. हल्ली ती ६० ते ६४ सेंटिमीटर धरतात, आमची ६७ येते. फार वाईट नाही, पण गुडघ्यांना कळतं. जिना असा उभा का? 'शत्रू एकदम वर येऊ नये म्हणून' हे उत्तर सगळे देतात. सदाशिव पेठेतल्या भिक्षुकाच्या वाड्यावर कोण शत्रू चालून येणार होता? मला विचाराल तर कारण जागा. वाडा खणांच्या मापात उभा राहतो आणि जिन्याला त्यातले दीड-दोन खण मिळतात. तेवढ्यात अकरा फूट चढायचं तर १४ पायऱ्या अशाच बसणार. संहितेप्रमाणे करायचा तर १८ पायऱ्या आणि साडेचार मीटर लांबी लागेल, म्हणजे जिना मालकाच्या स्वयंपाकघरात उतरेल.

मिस्त्रींनी सांगितलेलं काम असं. जुन्या सागाच्या तीन झिजलेल्या पायऱ्या काढून उलट्या बसवायच्या, खालची सपाट बाजू वर. पूर्वी असंच करत, एका फळीची दोन आयुष्यं. वाळवीच्या दोन पायऱ्या जुन्या सागवानात नव्या. बाजूच्या फळ्यांचा कुजलेला भाग वीतभर कापायचा, नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा आणि त्याखाली परत दगड घालायचा. खिळे शक्य तितके कमी, खोबणी आणि खुंट्या. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आम्हीही एक डव्हटेल जॉइंट केला होता. सबमिशनला त्यातल्या फटी लाकडाच्या भुशाने आणि फेव्हिकॉलने बुजवल्या होत्या. मिस्त्रींचा सांधा बघून तो जॉब आठवला आणि गप्प बसलो.

पॉलिशबद्दलही त्यांचं मत ठाम होतं. चपडा पॉलिश, म्हणजे लाखेचं, कपाटाला आणि देव्हाऱ्याला. जिन्याला नाही. लाख ही पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांची, ती स्पिरिटमध्ये विरघळवून लावायची. चमक सुंदर येते, पण पाणी सांडलं की पांढरा डाग पडतो आणि चपलांनी ओरखडे उठतात. मेलामाईनचा थर कडक असतो, पण पायरी पावलाखाली किंचित वाकते. थराला तडा गेला की त्यातून पाणी आत शिरून तिथेच अडकतं. शिवाय म्हाताऱ्या माणसांच्या जिन्यावर चकाकी हवीच कशाला, पाय घसरतो. त्यांचा उपाय म्हणजे काचपेपर मारून बेलतेल, पातळ हाताने दोनदा, मधे दोन दिवस वाळू द्यायचं, आणि दर दिवाळीला एक हात. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, पाण्यात भिजवून मग फेकायच्या. वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. हे मी नंतर नेटवर तपासलं, अगदी खरं आहे. लाकडी वाड्यात तर ही सूचना सोन्याच्या मोलाची.

राहिला कायदा. वाड्यातले एक निवृत्त हेडक्लार्क आहेत, त्यांनी रीतसर नोटीस लिहिली आणि दहा फुटांवर राहणाऱ्या मालकांना स्पीड पोस्टाने पाठवली. पोस्टमनने ती चौकात उभं राहून दिली, मालकांनी सही करून घेतली, आणि दोघांनी एकमेकांना 'काय, उकडतंय' म्हटलं. पंधरा दिवस काहीही उत्तर आलं नाही. सोळाव्या दिवशी मिस्त्री आणि त्यांचा पुतण्या आले. पुतण्याला ड्रिलसाठी वीज हवी होती. जिन्यातला बोर्ड बंद. मालकांनी काही न बोलता खिडकीतून आपल्या घरातली वायर बाहेर दिली. लेखी काही नाही, पैसे नाहीत, पण चारही दिवस वायर होती, आणि एक दिवस चहासुद्धा.

वर जायचा दुसरा रस्ता नसल्यामुळे काम दुपारी बारा ते चार या वेळातच. मावशीने चारही दिवस बारा वाजायच्या आत डबा, औषधं आणि पोथी घेऊन वर बसून घेतलं.

हिशोब आठ बिऱ्हाडांत २,७०० रुपये प्रत्येकी असा झाला. सात जणांनी दिले. आठव्या खोलीला बारा वर्षं कुलूप आहे, मंडळी न्यू जर्सीला असतात आणि खोली पुनर्विकासाच्या आशेवर ठेवलीय. त्यांना व्हॉट्सॲपवर नव्या पायऱ्यांचा फोटो पाठवला. 'सो नॉस्टॅल्जिक!' असं लगेच उत्तर आलं. पैसे यायचे आहेत.